उपाध्यक्षाची सूट

२ नोव्हेंबर

ओहायोच्या कुठल्याशा चर्चने मदतीची खोकी पाठवली. त्यात साबण, डब्यातले वाटाणे, पुरुषांचे मोजे आणि ही कोरी वही निघाली. मोजे हॉयटने घेतले, वही मी. साठीला टेकलेल्या बाईने पहिल्यांदाच दैनंदिनी लिहायला घ्यावी म्हणजे कमालच, पण करणार काय? टीव्ही बंद, शाळा बंद, आणि शाळेच्या ज्या स्वयंपाकघरात मी इतकी वर्षं पोरांना जेवायला वाढलं, त्याचं छप्पर समोरच्या फुटबॉलच्या मैदानात पडलंय.

बर्निस वादळाने पोर्ट लेलात एक छप्पर धड ठेवलं नाही. जिकडे बघावं तिकडे निळी ताडपत्री. आमचं त्यातल्या त्यात टिकलं, कारण ते हॉयटने आणि माझ्या भावाने, डेलमरने, स्वतःच्या हाताने घातलं होतं. नवऱ्याचं कौतुक मी तोंडावर करत नाही. चढून बसतो. म्हणून इथे लिहून ठेवते.

५ नोव्हेंबर

हॉयटने जन्मभर दुसऱ्यांच्या हाताखाली छपरं ठोकली. या वसंतात, तिसऱ्या खेपेला, परवान्याची परीक्षा पास झाला. त्या परीक्षेत छप्पर कमी आणि कायदाच जास्त असतो. आता स्वतःची कंपनी. परवान्याचा नंबर ट्रकवर लिहावा लागतो, तो डेलमरने रंगवला. अंदाज चुकला आणि शेवटचा आकडा दाराच्या कडीखाली चेंगरला.

"दाजी, मुद्दाम केलंय," म्हणाला. "कोणी आपला नंबर चोरायला आलाच, तर शेवटचा आकडा त्याला दिसणारच नाही."

"तू गप्प रंगव," हॉयट म्हणाला.

नंबर असल्याचा केवढा फायदा आहे ते आता दिसतंय. वादळानंतर बाहेरगावचे ट्रक येतात, म्हाताऱ्या बायकांकडून आगाऊ पैसे घेतात आणि पसार होतात. त्यामुळे गावात सध्या माणसाचं नाव नंतर विचारतात, ट्रकचं दार आधी बघतात. आज तिघी बायका आमच्या अंगणात येऊन नंबर बघून गेल्या, एकीने तर बोट फिरवून पाहिलं. हॉयट घरात उभा राहून खिडकीतून बघत होता. त्याचा चेहरा लग्नात होता तसा झाला होता.

११ नोव्हेंबर

विमावाला स्किप आला होता. त्याच्या स्वतःच्या ऑफिसवर ताडपत्री आहे, म्हणून तो घरोघरी फिरतो. मी मिठात उकडलेल्या शेंगा पुढे ठेवल्या. त्याने समजावलं की आम्हाला दोन विमे लागतात. एक, आमच्या हातून लोकांच्या घराचं काही मोडलं तर. दुसरा, आमचा माणूस कामावर जखमी झाला तर. पहिला परवडतो. दुसरा छप्परवाल्यांसाठी इतका महाग आहे की हप्ता ऐकून हॉयटने शेंगदाणा टरफलासकट गिळला.

"थांब, तोंड पाडू नकोस," स्किप म्हणाला. "कंपनीच्या पदाधिकाऱ्यांना त्यातून सूट घेता येते. तू अध्यक्ष, तू घे. डेलमरला दहावा हिस्सा दे, उपाध्यक्ष कर, तोही घेईल. मग विमा फक्त तुझ्याकडे कामाला आहेत त्या दोघा मजूर भावांचा. इथे सगळे असंच करतात."

"उपाध्यक्ष?" हॉयट म्हणाला. "हा?"

"कागदावर रे."

मी विचारलं, "यात धोका काय?"

"त्याने शिडीवरून पडू नये, एवढंच," स्किप म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले.

डेलमरला वाचायचा कंटाळा. आई गेली तेव्हा तो शाळेतही नव्हता, मीच त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. आजही मीच बोट ठेवून दाखवलं, इथे सही कर बाळा, आणि इथे. त्याच्या बोटांचं मिठाचं पाणी कागदाला लागलं. स्किप म्हणाला, चालतं.

२० नोव्हेंबर

चार दिवसांपूर्वी कार्डं आली. प्रत्येकावर नाव आणि मोठ्या अक्षरात 'सूट'.

डेलमर म्हणाला, "जन्मात मला कोणी सूट शिवला नाही. सरकारने थेट घरी पाठवला. आता टायच काय तो राहिला."

तेव्हापासून हेच चाललंय. मी गंमत म्हणून बाजारातल्या शिवणवाल्या बाईकडून टोपीवर 'उपाध्यक्ष' भरून आणलं. ती घालून तो रोझॅनच्या हॉटेलात गेला आणि तिला कार्ड दाखवलं. रोझॅन तिथे वाढते, आणि तीन वर्षं हा तिथेच जेवतो. त्याला काय आवडतं हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे, फक्त विचारायची हिंमत त्याला होत नाही. ती म्हणाली म्हणे, "उपाध्यक्षसाहेब, टेबल पुसून देऊ की तुम्हीच पुसता?" यावर हा पठ्ठ्या दोन दिवस खूश.

मलाही बरं वाटलं. दोघंही दिवसभर उंचावर असतात. खिशात काहीतरी सरकारी असलेलं बरं.

१४ डिसेंबर

लिहायला सवड नाही. काम इतकं आहे की हॉयटचा गुडघा सुजून भोपळा झालाय. त्याने वर जायचं म्हटलं की डेलमर शिडीला आडवा होतो. "अध्यक्षांनी खाली कॉफी प्यायची. अध्यक्षांना जमत नाही तिथे जायला उपाध्यक्ष आहे."

रविवारी तो नेहमीसारखा जेवायला आला. मलेट मासे तळले होते. जेवताना एकदम म्हणाला, "ताई, नाताळात रोझॅनला बोलावलं तर तुला चालेल?" मी म्हटलं, मला चालेल, तिला तुझा टाय चालेल का ते बघ. कानापर्यंत लाल झाला. इतका मोठा बाप्या.

९ जानेवारी

डेलमर पडला.

फार उंच नव्हतं. मिसेस लँगलींचं घर, पाऊस येणार म्हणून ताडपत्रीचं एक टोक खोचायचं होतं, एवढंच काम. हॉयट निघाला होता. हा म्हणाला, बसा दाजी. दोर बांधला नाही, कारण लगेच उतरायचं होतं. दंवाने ताडपत्री ओली होती.

हॉयट त्याच्याशेजारी गवतात बसून होता. मी पोचले तेव्हा डेलमर डोळे उघडे ठेवून पडला होता. मला म्हणाला, "ताई, माझे बूट कोणी काढले का?" बूट पायातच होते.

१० जानेवारी

पाठीचा कणा. कंबरेखाली काही नाही.

डॉक्टर म्हणतात, लवकर चांगल्या केंद्रात नेलं तर खुर्चीत बसून स्वतःचं स्वतः करील, हात मजबूत आहेत. जॅक्सनव्हिलला तसं केंद्र आहे. तिथे महिनोन्‌महिने ठेवतात, बसायला, कूस बदलायला, गाडी चालवायलासुद्धा शिकवतात.

खर्च विचारायची भीती वाटत होती, पण एक मात्र आहे, त्याच्याकडे कार्ड आहे. त्याच्या पाकिटातून काढून मी खिडकीवरच्या मुलीला दिलं. तिने दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाली, मी कोणालातरी बोलावते.

१२ जानेवारी

ज्यांना बोलावलं त्या मिसेस पेटवे. हॉस्पिटलात पेशंटच्या विम्याचं बघतात. भली बाई आहे. आधी मला बसवलं, पाणी दिलं.

"नेल्डा, हे कार्ड विम्याचं नाही. विमा नको म्हणून लिहून दिल्याचं आहे."

मी म्हटलं, "सूट आहे ना त्याला."

"हो. कंपनीला त्याचा हप्ता भरण्यातून सूट. आणि तो पडला तर त्याला काही देण्यातूनही."

दोघा मजुरांपैकी कोणी पडला असता तर सगळं मिळालं असतं, हेही त्यांनी सांगितलं. ते पडले नाहीत ते बरंच झालं, त्यांनाही बायकापोरं आहेत. पण डेलमरच्या कागदावर मी बोट ठेवून दाखवलं होतं. इथे बाळा, आणि इथे.

डेलमरला मीच सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी खराच उपाध्यक्ष होतो तर." आणि हसला. मला हसू येईना, तेव्हा म्हणाला, "अगं, तुला काय माहीत होतं? स्किपलाही विचार, त्यालासुद्धा नीट सांगता यायचं नाही."

२२ जानेवारी

मिसेस पेटवेंनी एक वाट दाखवली आहे.

डेलमर फक्त नावाला उपाध्यक्ष होता, त्याला हिस्सा कधी मिळाला नाही, हुकूम कधी दिला नाही, तो साधा मजूरच होता, असं ठरलं तर सरकार ती सूट रद्द करतं. मग त्या दोघा मजुरांच्या विम्यात तोही धरला जातो. जॅक्सनव्हिल, खुर्ची, औषधं, सगळं. चौकशीला सरकारी बाई येईल. तिला डेलमरने खरं काय ते सांगायचं, बस.

"आणि हॉयटचं?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खोटी सूट घेतली म्हणून परवाना जाईल. दंड होईल. या वयात परत मिळणं कठीण."

घरी येऊन हॉयटला सांगितलं. तो गुडघा चोळत होता. मग म्हणाला, "त्यात विचारायचं काय? सांग त्याला खरं सांगायला." आणि बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला. चावी लावली नाही, नुसताच बसून राहिला. मी खिडकीतून बघत होते. जेवायला हाक मारली तरी आला नाही.

२५ जानेवारी

डेलमरला सगळं समजावलं. दोनदा. म्हटलं, तुला फक्त एवढं म्हणायचंय की मी दाजींकडे कामाला होतो.

"मग दाजी काय करतील?"

"ते बघतील त्यांचं."

"काय बघतील? गुडघा?"

मी म्हटलं, तू त्यांची काळजी करू नकोस, स्वतःच्या पायांची कर. तो म्हणाला, "पायांना काय धाड भरलीय, ते आरामात आहेत." मग म्हणाला, बघू. आणि रोझॅन येणार आहे का ते विचारलं. ती रोज कामावरून सुटली की येते. मी आले की तिला खुर्ची रिकामी करावी लागते, म्हणून मी थोडी उशिरा जाते.

३ फेब्रुवारी

काय लिहू. इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय.

सरकारी बाई सकाळी आली. मिस टेट. तरुण, अगदी अदबीने बोलणारी. खोलीत आम्ही चौघंच, डेलमर, ती, मिसेस पेटवे आणि मी. हॉयटला बाहेर थांबायला सांगितलं होतं. सुरुवात व्हायच्या आधी डेलमर म्हणाला, "ताई, टोपी दे."

मला वाटलं केस विस्कटलेत म्हणून. दिली. त्याने 'उपाध्यक्ष' बरोबर पुढे येईल अशी घातली.

"मिस्टर यान्सी, तुम्ही कंपनीत काय होतात?"

"उपाध्यक्ष."

"नावाला?"

"नावाला कशाला? दहावा हिस्सा होता माझा."

"म्हणजे काम काय करायचात?"

"अध्यक्षांना जमत नाही तिथे मी जायचो. मिसेस लँगलींच्या छपराचा रंग मी ठरवला. त्यांना हिरवा हवा होता. मी करडा म्हटलं."

"निर्णय घ्यायला तुमच्या बैठका व्हायच्या?"

"दर रविवारी. ताईच्या टेबलावर."

मिसेस पेटवे माझ्याकडे बघत होत्या. मिस टेटनेही मान वळवली. "मॅडम, हे खरं आहे?"

तोंड उघडलं की सगळं सरळ होणार होतं. दोन वाक्यं. हा जेवायला यायचा, मासे खायचा, टीव्हीवर खेळ बघायचा आणि जायचा. पण तो इतका ठासून बोलत होता, टोपी घालून. सगळ्यांसमोर त्याला खोटा कशी पाडू? मी म्हणाले, "रविवारी यायचा तो."

तिने लिहून घेतलं. संपलं.

ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, तुला अक्कल आहे का? मिरवायची हौस शेवटी फिटली ना? तो म्हणाला, "ताई, खरंच मला आवडलं होतं गं ते. उपाध्यक्ष असणं." त्याच्या त्या हौसेपायी जॅक्सनव्हिल गेलं. लहानपणीही असाच, जत्रेत जिंकलेला बिल्ला आंघोळीलासुद्धा काढायचा नाही.

बाहेर हॉयट माझ्या तोंडाकडे बघूनच समजला. ट्रकच्या दारावर चिखल उडाला होता. मी रुमालाने नंबर पुसला. का पुसला कोण जाणे, घरी जाऊन धुवायचाच होता.

१ मार्च

गावाबाहेरच्या सरकारी खर्चाच्या शुश्रूषागृहात जागा मिळाली. खोलीत तिघं. मुली चांगल्या आहेत, पण एकेका मुलीवर पुरा मजला. वेळेवर कूस बदलायला हवी, ती बदलली जात नाही. मी सकाळी जाते, हॉयट कामानंतर, दुपारी रोझॅन. तरी मधे वेळ उरतोच.

हॉयट काम करतोय. आता स्वतः वर जातो. दोर बांधून.

२४ मार्च

पाठीला जखम झालीय. मला दाखवत नव्हते, मी चादर उचलली. बघितली आणि चादर परत टाकली. डेलमरला तिथे काही जाणवत नाही. "काय दिसतंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "थोडं लाल आहे."

"करडं बरं दिसलं असतं," म्हणाला.

मी अजून त्याच्यावर रागावलेलीच आहे. त्याला भरवते आणि रागावते.

६ एप्रिल

ताप उतरत नाही. जखमेतलं विष रक्तात गेलंय म्हणतात. आज मला ओळखलं, पण मला आई म्हणाला.

१३ एप्रिल

काल डेलमरला पुरलं.

अंत्यविधीवाल्याने विचारलं, सूट कुठला घालायचा? सूट नव्हताच. हॉयटने आपला लग्नातला काढला. खांद्यात घट्ट झाला, मागून उसवून बसवला. टाय रोझॅनने आणला, स्वतः निवडून, करडा. नाताळात त्याला द्यायला घेतला होता, तेव्हा लाज वाटली म्हणे.

हॉयट रडला. मला रडू आलं नाही. जेवण मीच वाढलं सगळ्यांना.

१ जून

आजपासून वादळांचा हंगाम. टीव्हीवर पुन्हा तेच, पाणी साठवा, पत्रे तपासा. परवान्याला काही झालं नाही. हॉयटने ट्रक नव्याने रंगवला, पण दारावरचा नंबर तसाच ठेवला, कडीखाली चेंगरलेला.

डेलमर गेल्यापासून मी रोझॅनच्या हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. आज गेले. गर्दी नव्हती. तिने न मागता चहा आणला आणि समोर बसली. मी नेहमीचं सुरू केलं, त्या मूर्खाने हौसेपायी जीव दिला, टोपी घालून बसला, वगैरे.

ती म्हणाली, "नेल्डा, हौस नव्हती ती. मी त्याची तयारी करून घेतली होती."

मला कळेना.

"आदल्या दिवशी मला म्हणाला, उद्या परीक्षा आहे, तू सरकारी बाई हो आणि मला प्रश्न विचार. उपाध्यक्ष नक्की काय करतो, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मलाच विचारलं. मी म्हटलं, तूच म्हणतोस की, अध्यक्षाला जमत नाही तिथे जातो. ते पाठ केलं. तरी पहिल्यांदा चुकला. 'मी दाजींकडे कामाला होतो' असं निघून गेलं तोंडातून. स्वतःलाच शिवी घातली. म्हणाला, दाजींना तीन खेपा लागल्या, पण मला उद्या एकच मिळणार. मी म्हटलं, नको रे असं करूस, जॅक्सनव्हिलला जा. मीही गेले असते त्याच्याबरोबर, नेल्डा. तो म्हणाला, दाजी छप्पर सोडून काय करतील? आणि ताई कशावर जगेल? तिच्या शाळेला तर छप्परच नाही."

चहा निवला होता. ती उठून दुसरा आणते म्हणाली, मी नको म्हटलं.

"त्याला भीती फक्त तुझी होती," ती म्हणाली. "म्हणाला, ताई तिथेच असणार, ती काही गप्प बसायची नाही, सगळ्यांसमोर खरं सांगून टाकील. म्हणून माझं इतकं चोख हवं की ती बोलली तरी तिचं कोणी ऐकू नये. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती." मग तिने विचारलं, "तू त्या दिवशी काय म्हणालीस गं?"

मी म्हटलं, "रविवारी यायचा तो, असं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."